भरतीच्या दिवशीचा कागद

बेळगावच्या कॅम्पात शिरले की शहराचा आवाज एकदम खाली बसतो. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना जुनी झाडे, कौलारू बंगले आणि अधूनमधून पांढऱ्या चुन्याने रंगवलेले दगड. 1832 पासून इथे छावणी आहे. मिलिटरी महादेवाच्या देवळात सोमवारी जशी गावची माणसे येतात तसे फौजीही येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर 1922 पासून या गावात आहे. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कित्येक घरांतल्या मुलांनी पहिल्यांदा बूट घातले ते याच मैदानावर.

पहाटे भरतीची पोरे धावतात ते दृश्य बेळगावकरांना नवे नाही. जरा लांबून पाहिले जाते, कौतुक होते आणि माणूस आपल्या कामाला लागतो. त्या धावण्याच्या मागेपुढे एक गोष्ट घडते, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. मुलाला डॉक्टरांपुढे उभे करतात. उंची, वजन, छाती फुगवून किती आणि न फुगवता किती, डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय सगळे तपासतात. पोरगा ठणठणीत असेल तरच आत, नाहीतर घरी. या तपासणीचा एक कागद होतो. तो फायलीला लागतो आणि फाईल रेकॉर्ड ऑफिसात जाते. पुढे वीस वर्षांनी तोच मुलगा गुडघा गमावून, कान गमावून किंवा रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन परत येतो, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम साक्षीदार हा कागद असतो. आपल्याकडची बहुतेक घरे त्याला साक्षीला बोलावतच नाहीत.

निपाणीपासून बेळगावपर्यंत

निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची एसटी पकडली की तवंदीचा घाट लागतो. मग संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा उतार, राणी चन्नम्मांचे काकती, आणि बेळगाव. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना फौजी गावे आहेत. अक्कोळ, गळतगा, भोज, कारदगा इकडे. कडोली, उचगाव, येळ्ळूर तिकडे. पलीकडे महाराष्ट्रात कागल, गडहिंग्लज, चंदगड आणि शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, जिच्या नावातच सैनिक आहे. घरातल्या बायका तंबाखूच्या वखारीत किंवा विडी वळायला आणि घरचा माणूस सीमेवर, असे संसार या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या चालले.

या घरांत माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगात आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, मेडल्स, पलटणीचा एखादा फोटो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यात पिवळट पडलेला एक कागद पुष्कळदा निघतो. इंग्रजीत टाईप केलेला, खाली शिक्का. त्याचा अर्थ असा, की तुमचा अपंगत्व पेन्शनचा दावा नाकारण्यात आला आहे, कारण तुमचे दुखणे फौजेच्या नोकरीमुळे झालेले नाही आणि नोकरीमुळे वाढलेलेही नाही.

इंग्रजीतल्या या वाक्याची आद्याक्षरे घेतली की एनएएनए होते. फायलीवर ती चार अक्षरे वाचताना ‘नाना’ दिसतात. घरातल्या नानांना कचेरीतल्या या ‘नाना’ने गप्प बसवले, ते कायमचे. सरकारने नाही म्हटले म्हणजे नाही, असे समजून ट्रंकेचे झाकण लावले गेले. हा कागद शेवटचा शब्द नसतो, हे सांगण्यासाठीच हा लेख.

उपकारापासून हक्कापर्यंत

जखमी सैनिकाचे पुढे काय, हा प्रश्न आपल्या भागाला शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. मराठा पलटणीचा इतिहास 1768 पासूनचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. तो वेढा डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत चालला. सेंटरमधले शर्कत स्मारक त्याच मोहिमेची आठवण आहे. तिकडून हातपाय गमावून आलेल्यांसाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला गेले आणि आजही तिथे जखमी सैनिकांना हातचे काम शिकवते. 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आले. 1974 मध्ये कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीतच पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आता सर्वांना ठाऊक आहेत. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये आणि अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी 2025 मध्ये. सुवर्णपदक मिळवणाऱ्यालाही पन्नास वर्षे थांबावे लागले, तर अक्कोळच्या किंवा उचगावच्या साध्या शिपायाचे काय, असे कोणाच्याही मनात येईल.

फरक इतकाच, की पुरस्कार देणे न देणे सरकारच्या हातात असते, अपंगत्व पेन्शन मात्र नियमाने ठरते. ती उपकाराची रक्कम नाही. तिच्यासाठी पंधरा वर्षांच्या नोकरीची अटही नाही. दुखणे नोकरीमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले असले आणि डॉक्टरांच्या बोर्डाने ते किमान 20 टक्के धरले, की तीन वर्षांत बोर्ड आऊट झालेल्या शिपायालाही हक्क पोहोचतो.

बोर्ड नेमके काय ठरवते

फौज सोडताना मेडिकल बोर्ड बसते. तब्येतीमुळे मुदतीआधी घरी पाठवायचे असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड आणि मुदत भरून जाताना रिलीज बोर्ड. बोर्ड दोन गोष्टी लिहिते. एक, अपंगत्व किती टक्के आणि किती काळासाठी. दुसरी, ते नोकरीमुळे झाले का, किंवा आधीचे असले तरी नोकरीमुळे वाढले का. बोर्डाच्या खोलीतून बाहेर पडताना जवानाच्या डोक्यात टक्केवारी असते. त्याचे नशीब ठरते ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने.

इथे 2013 सालचा एक निकाल प्रत्येक फौजी घराने लक्षात ठेवावा. धरमवीर सिंग हे 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. भरतीच्या वेळी कसलाही आजार नोंदलेला नव्हता. सुमारे नऊ वर्षांनी, 1994 मध्ये, फेफऱ्यामुळे 20 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवले. पेन्शन नाकारली, कारण तेच: नोकरीशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढे खंडपीठाने तो फिरवला. शेवटी जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पेन्शन दिली.

न्यायालयाने सांगितले ते 1982 च्या नियमांतच लिहिलेले होते. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान त्या दिवशी निरोगी होता असे धरायचे. नंतर तब्येत बिघडून त्याला काढले, तर ती नोकरीमुळे बिघडली असे धरायचे. तसे नाही असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर, जवानावर नाही. डॉक्टरांना वाटत असेल की हा आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता, तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. नुसता शिक्का मारून चालत नाही. आणि शंका उरलीच, तर तिचा फायदा जवानाला. मराठीत आपण याला संशयाचा फायदा म्हणतो. कन्नडमध्येही शब्द तोच: संशयद लाभ.

आता सुरुवातीच्या कागदाची किंमत लक्षात येईल. बेळगावच्या मैदानावर छाती मोजून ‘फिट’ लिहिले, ते नुसते भरतीचे उत्तर नव्हते. सरकारने त्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली ती कबुली होती: हा मुलगा आम्ही धडधाकट घेतला.

अर्थात या निकालाने प्रत्येक दावा आपोआप पास होत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाचा दावा फेटाळला. हा आजार भरतीच्या तपासणीत दिसेलच असे नाही, आणि डॉक्टरांच्या बोर्डाच्या मताला वजन दिले पाहिजे, असे तिथे ठरले. 2015 मधल्या आणखी एका प्रकरणात जवान सुट्टीवर बहिणीच्या घरी असताना पडला होता. सुट्टीतला जवान नोकरीत असतो हे खरे, पण त्या पडण्याचा फौजेच्या कामाशी काही धागा लागला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले, आणि पेन्शन मिळाली नाही. म्हणून प्रत्येकाने आपली हकीकत आपल्या कागदांवर तपासून घ्यावी. शेजारच्या गल्लीतल्याला मिळाली म्हणून मला मिळेलच, किंवा त्याला नाही मिळाली म्हणून मलाही नाही, हे दोन्ही चूक.

पैशाचा हिशेब

हिशेब सोपा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम धरतात. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा शेवटचा पगार 40,000 रुपये होता. शंभर टक्क्यांना 12,000. वीस टक्क्यांना 2,400. यावर महागाईभत्ता वेगळा. शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांचा दर याहून बराच जास्त असतो.

पण टक्केवारीच्या बाबतीत आणखी एक नियम आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. डॉक्टरांच्या दोन बोर्डांत पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतोच, म्हणून टक्केवारी वरच्या टप्प्याला नेऊन धरायची असे ठरले. 50 च्या खाली असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, आणि त्याच्या वर असेल तर 100. इंग्रजीत याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. 2001 च्या आदेशाने हे 1 जानेवारी 1996 पासून लागू केले, पण फक्त मुदतीआधी बोर्ड आऊट झालेल्यांना. मुदत पूर्ण करून अधू होऊन घरी आलेल्यांना यातून वगळले होते. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला नाही.

वरच्या उदाहरणात 20 टक्क्यांचे 50 झाले की 2,400 चे 6,000 होतात. दरमहा 3,600 रुपयांचा फरक. निपाणीत विडी वळून इतके पैसे गाठीला बांधायला किती दिवस लागतात, ते त्या घरातल्या बाईला विचारावे. म्हणून ज्यांना पेन्शन चालू आहे त्यांनीही आपला पीपीओ बाहेर काढून वाचावा. अपंगत्व 20, 30 किंवा 40 टक्के लिहिले असेल आणि पैसेही तेवढ्याचेच येत असतील, तर चौकशी करावी. अनेकांना या फरकासाठी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले आहे, पण गेलेल्यांना मिळाला आहे.

कागद कुठे असतात

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही आपल्या भागाची मोठी सोय. पण आपली सगळीच मुले मराठा पलटणीत गेली नाहीत. तोफखान्यात गेलेल्याचे रेकॉर्ड नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नलचे जबलपूरला, महार रेजिमेंटचे सागरला, ईएमईचे सिकंदराबादला. पेन्शनचे हिशेब लिहिणारी मोठी कचेरी प्रयागराजला, म्हणजे जुन्या अलाहाबादला. 2021 पासून हे काम ‘स्पर्श’ नावाच्या संगणक व्यवस्थेवर येत गेले आहे. तिथे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

मागवायचे कागद मोजून चार. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद. नोकरीत असताना ज्या ज्या मिलिटरी हॉस्पिटलात भरती झालात तिथली कागदपत्रे. अपघात असेल तर इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष. आणि शेवटच्या मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, नुसता निकाल नव्हे. साध्या पत्राने मिळाले नाहीत, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. कशासाठी हवेत ते सांगावे लागत नाही आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

यात घाई करण्याचे एक कारण आहे. ज्यांना कोणतीच पेन्शन नाही अशा माजी सैनिकांची कागदपत्रे रेकॉर्ड ऑफिसात साधारण 25 वर्षे ठेवतात आणि मग नष्ट करतात. तीन-चार वर्षांत बोर्ड आऊट होऊन रिकाम्या हाताने घरी आलेला माणूस नेमका याच यादीत असतो. ज्याला कागदाची सर्वांत जास्त गरज, त्याचाच कागद आधी जळतो. 2002 मध्ये घरी आलेल्याची मुदत 2027 मध्ये भरते. तुमच्या घरात किंवा भावकीत असा कोणी असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी त्याला फोन करावा.

एक नदी, दोन न्यायाधिकरणे

सीमाभागाचे त्रांगडे इथेही आहेच. दूधगंगेच्या अलीकडे कोगनोळी, पलीकडे कागल. सोयरीक होते, बाजार एक, जत्रा एक. दोन साडू एकाच पलटणीत, एकाच सालचे. पण एकाचे घर कर्नाटकात म्हणून त्याने बेळगावच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्यात जायचे, आणि दुसऱ्याने कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. 2007 च्या कायद्याने सैनिकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण झाले आणि 2009 मध्ये ते सुरू झाले. त्यात महाराष्ट्राचे खटले मुंबई खंडपीठाकडे जातात, कर्नाटकाचे कोचीकडे. म्हणजे कागलच्या साडूने मुंबईला जायचे आणि कोगनोळीच्या साडूने केरळात. निवृत्त सैनिकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, म्हणून राहण्याचा पत्ता कोणत्या राज्यातला हे आधीच नीट पाहून ठेवावे. वकील न लावता स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे.

दुसरे त्रांगडे नावाचे. भरती झाली तेव्हा गाव बेळगाव जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी झाले. निपाणीचे कन्नडमध्ये निप्पाणी होते. शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक नाव, रेशन कार्डावर कन्नडमध्ये दुसरे, फौजेत इंग्रजीत तिसरे, आणि आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले चौथे. बायकोचे माहेरचे नाव डिस्चार्ज बुकात राहिले आणि सासरचे बँकेत. संगणकाला हे सगळे एकच माणूस आहेत हे कळत नाही. जन्मतारखेचा आणि नावाचा हा घोळ माणूस हयात असताना निस्तरणे सोपे असते. तो गेल्यावर विधवेला त्यासाठी फार उंबरे झिजवावे लागतात.

पण आपल्या लोकांकडे एक गोष्ट आहे, जी पुण्यामुंबईच्या लोकांकडे नाही. आपल्याला दोन भाषा येतात. बेळगावच्या कचेरीत कारकुनाने ‘बर्री, कुंद्री’ म्हटले की आपण बसतो, आणि कोल्हापूरला ‘या, बसा’ म्हटले तरी बसतो. शब्दही किती जवळचे आहेत पाहा. आपला अर्ज तिकडे अर्जी. आपला दाखला तिकडे दाखले. आपली साक्ष तिकडे साक्षी. पेन्शनला ते पिंचणी म्हणतात आणि आपल्या म्हाताऱ्याही जवळजवळ तसेच म्हणतात. अडते ते तिसऱ्या भाषेत. बोर्डाचे मत, नकाराचे पत्र, अपिलाचा नमुना सगळे इंग्रजीत. तिथे घरातली कॉलेजात जाणारी नात कामाला येते. मराठी शाळेत शिकलेला आजोबा आणि कन्नड माध्यमात शिकलेली नात एका टेबलाशी बसली आणि प्रत्येक ओळ दोन्ही भाषांत करून वाचली, तर वकिलाकडे जाण्याआधीच निम्मे काम होते.

वेळेचे गणित

नकाराचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. तेही नाकारले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर न्यायाधिकरण, तिथेही साधारण सहा महिन्यांची मुदत. अपिलाला सहा महिने उत्तरच आले नाही, तरी न्यायाधिकरणाकडे जाता येते. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोस्टाची पावती जपावी. पावती नसली की अपील केलेच नाही, असे होते.

मुदत गेली तर सगळे संपले का? नाही. तरसेम सिंग नावाचे जवान 1983 मध्ये बोर्ड आऊट झाले आणि 1999 मध्ये न्यायालयात गेले. पेन्शन दर महिन्याला मिळायची असते, म्हणून ती न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्यांच्या प्रकरणात मान्य केले. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पण थकबाकी मिळते ती अर्ज करण्याआधीच्या फार तर तीन वर्षांची. सोळा वर्षे गप्प बसण्याची किंमत तेरा वर्षांच्या पेन्शनने मोजावी लागली.

2008 च्या नियमांत आणखी एक बाब आली. एरवी जवानाला काही सिद्ध करायला सांगायचे नाही. पण घरी आल्यावर 15 वर्षे उलटून दावा केला, तर सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. पुढे 21 सप्टेंबर 2023 पासून पुन्हा नवे नियम आले आहेत. त्या तारखेनंतर घरी आलेल्यांनी आपला दावा त्या नियमांनी तपासून घ्यावा. कोणते नियम कोणाला, हे घरी येण्याच्या तारखेवर अवलंबून असते, म्हणून ती तारीख आधी पाहावी.

माणूस गेला असेल तरी घरच्यांनी हात टेकू नयेत. त्याच्या हयातीत देणे असलेली थकबाकी वारसांना मागता येते. नोकरीमुळे धरलेल्या दुखण्यानेच तो गेला असेल, तर विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतनही वेगळ्या, वाढीव दराने बसते.

आजची पोरे

2022 पासून भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आले तर एकरकमी भरपाई आहे: 100 टक्क्यांना 44 लाख, 75 टक्क्यांना 25 लाख, 50 टक्क्यांना 15 लाख. पण प्रश्न तोच विचारला जातो, जो आजोबांना विचारला होता. हे नोकरीमुळे झाले का? चार वर्षांच्या नोकरीत पाय मुरगळला तर पोरगा दोस्ताकडून बाम घेतो आणि हॉस्पिटलात जात नाही, कारण नाव खराब होईल, सुट्टी जाईल, पुढे कायम करताना मागे राहू असे त्याला वाटते. घरी फोन केला की ‘बरा आहे’ म्हणतो. आईने त्याला जेवलास का विचारावेच, पण दुखले तर दाखव आणि कागद घे, हेही सांगावे. नोंद नसलेले दुखणे फौजेच्या लेखी झालेलेच नसते.

कॅम्पात मिलिटरी हॉस्पिटल आहे, माजी सैनिकांचे ईसीएचएस दवाखाना आहे, शहरात सैनिक कल्याण खाते आहे, रेकॉर्ड ऑफिस आहे. चार दारे एका गावात, एका दिवसात होणारी. निपाणीहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस संध्याकाळी घरी परततो. जाताना मूळ कागद घरी ठेवावेत, झेरॉक्सचे दोन संच न्यावेत. डिस्चार्ज बुक, पीपीओ असेल तर पीपीओ, नकाराचे पत्र, आधार, बँकेचे पासबुक आणि आर्मी नंबर एका चिठ्ठीवर ठळक लिहून. म्हाताऱ्याला एकटे पाठवू नये. त्याला ‘साहेब, नाही म्हणाले’ एवढे ऐकून परत फिरायची सवय असते. बरोबर लेक, सून किंवा नात असावी, जी शांतपणे म्हणेल: नाही म्हणता ते लिहून द्या, आणि यांच्या भरतीच्या दिवशीचा कागद दाखवा.